बर्फातली चाकोरी

गेले तीन आठवडे कुवेतमधल्या अहमदीतले आमचे शेजारी श्रीधरकडे जरा रागानेच बघतात. बायकोला धड दिसत नाही, बिचारी पांढरी काठी टेकत चालतेय, आणि हा पठ्ठ्या खुशाल पंधरा पावलं पुढे! त्यात अंगात भडक नारिंगी जाकीट. परवा समोरच्या बंगल्यातल्या कुलकर्णी वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलंच, "मृणाल, घरी सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, ठीक आहे, फारच ठीक आहे. पण का ठीक आहे ते फाटकात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी डोळ्यांचं सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी अडखळायला नको. माझ्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने निकामी होत चाललाय. पहिल्यांदा तिन्हीसांजेचं दिसेना, मग बाजूचं दिसेना. आता मी जग बघते ते पाइपच्या तुकड्यातून बघावं तसं. मधलं लख्ख, भोवतीचं नाही. भोवती काळोख असतो असं लोकांना वाटतं, पण काळोखही नसतो, तिथे नुसतं काही नसतं. इथल्या भारतीय शाळेत मी एकोणीस वर्षं गणित शिकवलं. एके दिवशी कडेच्या बाकावरची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मिस, मी कधीपासून हात वर केलाय." त्या वर्षअखेर मी राजीनामा दिला. गाडीची किल्लीही श्रीधरच्या हातात ठेवली, आणि कुवेतमध्ये गाडी गेली की माणसाचे पायच जातात.

श्रीधर माझा नवरा, नाशिकला कॉलेजात एका वर्गात होतो तेव्हापासूनचा. तो रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर आहे. म्हणजे 'नको' म्हणण्याचा पगार घेतो. नोकरी सुटल्यापासून त्याने माझं डावं कोपर जे धरलं ते सोडलंच नाही. जमियात, म्हणजे इथल्या सहकारी भांडारात, भाजी घ्यायला गेलो तरी एका हातात ट्रॉली आणि दुसऱ्यात माझं कोपर. लेकीने कॅनडाहून घडीची पांढरी काठी पाठवली होती, ती मी ड्रॉवरमध्ये टाकली. काठी हातात घेतली की मी आंधळी, नाही घेतली तर नुसती वेंधळी. मला वेंधळी चालत होतं.

पण दोन वर्षांत मी एकदाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही, एकटी गेले नव्हते. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मधलं दिसतंय तेही किती टिकेल सांगता येत नाही. मला एकदा, फक्त एकदा, कुणाचा हात न धरता इथून तिथे जायचं होतं. एवढीच इच्छा. हे मी कुणाला बोलले नव्हते, कारण बोलले असते तर श्रीधरने तेवढ्यासाठीही माझा हात धरला असता.

अहमदी, नोव्हेंबर

बर्फाचं खूळ आमच्या सईचं. ती जन्मली कुवेतला, वाढली कुवेतला, आपण मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं हा आमच्या घरचा रिवाज. फोनवर म्हणाली, "आई, ट्राय क्रॉस-कंट्री स्कीइंग. नॉट द डाउनहिल वन. द स्कीज रन इन ग्रूव्ज. यू कान्ट गेट लॉस्ट!"

"अगं, वय काय माझं, आणि मी स्की करू?"

"आई, फॉर्टी-नाइन इज नॉट ॲन एज."

सपाट खोऱ्यातून, गावामागून गाव, बर्फावर यंत्राने दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात. पायात लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या, आणि माणूस चालत-घसरत त्या खाचांतून जातो. दिसत नसलेली माणसंसुद्धा जातात, हे तिने व्हिडिओत दाखवलं. मी तो व्हिडिओ चौदा वेळा पाहिला. त्यातल्या बाईच्या पुढे एक माणूस होता, पण तिचं कोपर कुणी धरलेलं नव्हतं.

मिरकाबमधल्या ज्या प्रवासी कंपनीकडे आम्ही गेलो, तिथल्या गृहस्थांना हे काही केल्या पटेना. "मॅडम, आल्प्स मतलब केबल कार, चॉकलेट, इंडियन डिनर! सपाट जमीन तो यहाँ भी है." बोलणं अगदीच चूक नव्हतं. शेवटी ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातलं एक खोरं आम्हीच शोधलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे गर्दी झालेली मला चालणार नाही.

श्रीधरने सहलीची आखणी केली ती रिफायनरी शटडाउनला घेतल्यासारखी. मोठा तक्ता, दिवसवार कामं, प्रत्येक कामापुढे धोका आणि धोक्यापुढे उपाय. जेवताना मला त्याच्या परमिटचे किस्से ऐकावे लागायचे. कारखान्यातल्या बंद टाकीत माणूस उतरवायचा तर आधी परमिट लागतं. आत कोण जाणार, कशासाठी, किती वाजेपर्यंत, सगळं लिहून सही. आणि टाकीच्या तोंडाशी एक माणूस बसतो, तो स्टँडबाय मॅन. त्याचे नियम दोनच. जागा सोडायची नाही, आणि काहीही झालं तरी स्वतः आत शिरायचं नाही. "लोक मरतात ते वाचवायला आत उडी मारतात म्हणून," श्रीधर नव्या पोरांना सांगतो, तसं मलाही सांगायचा. आतला माणूस त्याच तोंडातून बाहेर आला, सही झाली, की परमिट बंद. मी मान हलवत आमटी वाढायचे. हे पुढे माझ्या कामी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सराव आम्ही वाळवंटात केला. थंडी सुरू झाली की इथली मंडळी वाळूत तंबू ठोकून राहतात, त्या तंबूंच्या पलीकडे. दोघंही दोन-दोन काठ्या घेऊन वाळूत पाय घासत चाललोय, असं ध्यान बघून एक कुवेती आजोबा गाडी थांबवून उतरले. त्यांना वाटलं आमचं काहीतरी हरवलंय. श्रीधरने मोडक्यातोडक्या अरबीत 'सल्ज', म्हणजे बर्फ, असं सांगितलं. आजोबांनी वाळूकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पाण्याच्या चार बाटल्या हातात देऊन निघून गेले.

जलीबचे दाऊदभाई

थंडीचे कपडे बेतायला आम्ही जलीबला दाऊदभाईंकडे गेलो. एका खोलीत सहा-सहा माणसं राहतात अशा इमारतींच्या तळाशी त्यांचं शिवणाचं दुकान आहे. माणूस रत्नागिरीकडचा, हात सोन्याचा, तोंड त्याहून चालू.

"भाभी, बर्फात चालायला एवढ्या लांब कशाला जाताव? आमच्या गावाला यावा, पावसात चिखलात चालवतो. तो पण घसरता!"

श्रीधरने पिशवीतून त्याचा जुना कामावरचा नारिंगी डगला काढला. त्याचं बिनबाह्यांचं जाकीट करून त्यावर चमकती पट्टी आणि पाठीवर 'ब्लाइंड' अशी अक्षरं हवी होती, माझ्यासाठी. म्हणजे मागून येणारे जपून जातील.

"मी नाही घालणार," मी म्हटलं.

"मृणाल, सेफ्टी आहे ती."

"पाठीवर पाटी लावून फिरायला मी काय टॅक्सी आहे?"

दाऊदभाईंनी टेप गळ्यात टाकली आणि डगला उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "साहेब, नाव नको लिवू. कपडा असा भडक हाय, आंधळ्यालाबी दिसल." मग जीभ चावून माझ्याकडे वळले, "माफ करा हां भाभी." मला इतकं हसू आलं की रागच गेला. पण जाकीट मी घालणार नाहीच म्हटल्यावर श्रीधर म्हणाला, "मग मी घालतो. मला चुकवतील ते तुलाही चुकवतील." ते त्याच्या मापाचं शिवलं गेलं.

शनिवार, रविवार

विमान, आगगाडी, बस, हे सगळं सोडून देते. शनिवारी उन्हं उतरता उतरता बस त्या गावात आली. थंडीने नाकातले केससुद्धा ताठ झाले, हे पहिलं आश्चर्य. वाटेत गावातलं एकुलतं एक किराणा दुकान उघडं दिसलं. मी म्हटलं, दूध-ब्रेड घेऊ या का? श्रीधरने तक्त्यावर बोट ठेवलं. "आज सुट्टीचा दिवस, दमलोय. उद्या रविवार, पहिला कामाचा दिवस. सकाळी उठून किराणा, मग स्की भाड्याने, मग शिकवणी."

तेवीस वर्षं कुवेतमध्ये राहिलं की असं होतं. शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी ऑफिस, हे रक्तातच मुरतं. एवढा तक्ता केला, त्यात हिमवादळाचा धोका होता, आतड्याच्या संसर्गाचा होता, पण युरोपात रविवारी सुट्टी असते हे दोघांनाही आठवलं नाही. आणि मी शाळेत ज्ञानाचे दिवे लावलेली बाई! रविवारी सकाळी दुकानाच्या बंद दाराशी श्रीधर पिशवी घेऊन उभा होता, आणि शेजारच्या चर्चची घंटा वाजत होती. स्कीचं दुकानही बंद.

आमच्या घरमालकीण मारियान, सत्तरीच्या जवळपासच्या. पूर्वी त्या खोऱ्यात टपाल वाटायच्या, हिवाळ्यात स्कीवरून. त्यांना आमची चूक सांगितली तर टेबलावर हात आपटून हसल्या. मग बटाटे उकडायला लावले. लोखंडी तव्यात लोण्यावर कांदा, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वरून अंडं, आणि तवा तसाच टेबलावर. आमच्याकडे बदल्यात द्यायला मेतकूट होतं. त्यांनी ते बोटाने चाखलं, लोणी लावलेल्या पावावर भुरभुरलं आणि डबी स्वतःच्या फडताळात ठेवून दिली. परत मागायचा धीर आम्हाला झाला नाही.

त्या रिकाम्या रविवारी आम्ही पायी गावाबाहेर गेलो. आणि चुकलो ते बरंच झालं. गावाच्या टोकाला घरं संपतात आणि खोरं उघडतं. श्रीधरने नेहमीप्रमाणे माझं कोपर धरलं होतं. मी मान वर केली.

हे कसं सांगू? घरात मला टेबलावरची कपबशी अख्खी दिसत नाही. कप दिसला की बशी जाते. माणसाचा चेहराही तुकड्यातुकड्यांनी जोडून घ्यावा लागतो. आणि तिथे समोर एक अख्खा डोंगर माझ्या डोळ्यांत मावला. पायथ्याचं काळं जंगल, मधले कडे, शेंड्यावरचं ऊन, डावीकडची धार आणि उजवीकडची धार, सगळं एकाच वेळी. गणिताच्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं. कोन तेवढाच राहतो, पण अंतर वाढलं की कोनात मावणारं जग वाढतं. अहमदीत लांब बघायला काही नसतंच, जमीन सपाट, क्षितिजावर वायूच्या ज्योती, बाकी धूळ. म्हणून दोन वर्षं मी जवळचंच बघत बसले आणि जग लहान झालं म्हणून रडत राहिले. जग लहान झालंच नव्हतं. मला भडभडून आलं. श्रीधर घाबरला, "डोळ्यांत गेलं का काही?" मी म्हटलं, हो, डोंगर गेला.

मग मी खाली वाकून त्या खाचा चाचपल्या. हातमोजा काढला आणि बोटं आत घातली. कडा घट्ट, तळ गुळगुळीत, दोन्ही खाचांत हातभराचंही अंतर नाही. सिन्नरकडे मामाच्या शेताच्या वाटेवर बैलगाडीच्या चाकांनी अशाच दोन खाचा पडलेल्या असत. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल त्यातून बिनचूक घरी यायचे.

"अरे," मी म्हटलं, "ही तर चाकोरी!"

एकोणीस वर्षं मी पोरांच्या प्रगतिपुस्तकांत लिहीत आले, 'चाकोरीबाहेर विचार करावा.' शाळेच्या प्रत्येक समारंभात पाहुणेही तेच सांगायचे. चाकोरीत जाणं म्हणजे जणू पाप. आणि इथे या लोकांनी रोज पहाटे यंत्र घालून, मैलोन्‌मैल, नवी कोरी चाकोरी पाडून ठेवली होती. मी हे श्रीधरला सांगत असतानाच मागून एक आजोबा घसरत आले आणि जर्मनमध्ये ओरडले. माझा सेफ्टी इंजिनिअर नवरा बूट घालून चाकोरीच्या मधोमध उभा होता. तिथे बुटांनी चालणं म्हणजे आपल्याकडे कुणाच्या सारवलेल्या अंगणातून चपला घालून जाण्यासारखं. तो इतका ओशाळला की बर्फावर पडलेला स्वतःचा ठसा हाताने बुजवत बसला.

सोमवार ते गुरुवार

सोमवारी स्की मिळाल्या. हलक्या, अरुंद, बुटाचं फक्त पुढचं टोक अडकलेलं, टाच मोकळी. शिकवायला मारियानबाई स्वतः आल्या. पहिल्या दिवशी मी नऊ वेळा पडले, श्रीधर अकरा वेळा. पडल्यावर उठायचीही पद्धत असते. आधी उताणं होऊन पाय वर, मग कुशीवर, मग गुडघे. आमच्या दोघांच्या पट्ट्या एकमेकांत अडकल्या तेव्हा शाळेच्या सहलीची मुलं थांबून बघत होती.

चाकोरीत पाय पडल्यावर मात्र निराळंच झालं. डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, याची काळजी खाचांनी आपल्या अंगावर घेतली. दोन वर्षं प्रत्येक पाऊल विचारून टाकणारी मी, मान वर करून चालू लागले. कडाक्याच्या थंडीत बर्फ पायाखाली करकरतो, ऊन आलं की तोच आवाज मऊ होतो. लाकडी कोठाराजवळ शेणाचा वास येतो, नदी जवळ आली की हवा ओली लागते. मधूनच झाडावरून बर्फ सुटून पडायचा आणि सगळी हवा लकाकायची. मी 'आई गं!' म्हणून थांबायचे. दिवसातून पंचवीस वेळा तरी म्हटलं असेन.

अडचण एकच, श्रीधर. तो नारिंगी जाकीट घालून माझ्या पाठोपाठ, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पुढे किंचित उतार. हळू. उजवीकडे खांब, चार मीटर. हळू. समोरून दोन माणसं. होल्ड!" मारियानबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सरळसोट इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर, तुमच्या बायकोचे पाय वाचतायत. कुणी वाचत असताना आपण बोलतो का?"

तोंडाचा पट्टा थांबला. त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून मी त्याला ती इच्छा सांगितली. खोऱ्यात पुढच्या वाडीपर्यंत साडेतीन किलोमीटर, सरळ, नदीकाठाने, वाटेत एक लाकडी पूल. तिथे एक खानावळ आहे. मला एकटीला जायचंय. त्याने पुढे नाही, मागे नाही.

"नको," तो म्हणाला.

"का?"

त्याने बरीच कारणं सांगितली. सगळी खरी होती. शेवटी म्हणाला, "तुला काही झालं तर मी काय करू, मृणाल? मला दुसरं काही येतच नाही गं." इतक्या वर्षांत मी त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी हटले नाही. माझे डोळे माझ्यासाठी थांबणार नव्हते.

"परमिट काढ," मी म्हटलं. "आत जाणार मी. तोंडाशी तू. आणि स्टँडबाय मॅनने जागा सोडायची नाही, आत शिरायचं नाही. तूच शिकवतोस ना?"

तो उठला. मग मारियानबाईंकडून कागद मागून घेतला.

शुक्रवार

परमिट अजून माझ्याजवळ आहे. काम: वाडीपर्यंत जाऊन येणे. वेळ: दहा ते बारा. धोके: १) पूल, २) समोरून येणारे, ३) फोनला रेंज. त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, ४) नवरा. त्याने सही केली, मी केली, आणि गावाच्या शेवटच्या खांबापाशी तो थांबला.

पहिली शंभर पावलं मी त्याचा आवाज ऐकू येईल म्हणून कान टवकारून गेले. आला नाही. मग फक्त माझ्या पट्ट्यांचा आवाज उरला. मी एकटी होते! मोठ्याने बोलून पाहिलं, "मृणाल, तू एकटी आहेस," आणि हसले. समोर डोंगर होता, अख्खा. पुलावर चाकोरी तुटते, कारण तिथे बर्फ तुडवून सपाट झालेला असतो. तिथे मी उन्हात पलीकडच्या खाचा हेरल्या आणि पाय बरोबर बसवले. खानावळीत पोचले तेव्हा अकराही वाजले नव्हते. मालकाने खुर्ची ओढून दिली, गरम सारात बुडालेली चीजची टिक्की दिली. असं जेवण मी जन्मात जेवले नाही, आणि चवीला ते खरं तर अळणी होतं.

श्रीधरला फोन लावायला गेले तर फोन थंडीने मेलेला. खानावळीच्या फोनवरून लावला, तर त्याचाही बंद. मालक म्हणाला, गाडीने सोडतो. क्षणभर मोह झाला. पण परमिट त्याच तोंडातून बाहेर आल्याशिवाय बंद होत नाही, हे त्या भल्या माणसाला कसं समजावणार? अर्धं सार टाकून मी निघाले.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. उजेड असा सपाट झाला की बर्फ कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. डोंगर पुसला गेला. माझ्या नळीत नुसतं पांढरं. पण पाय खाचांत होते, तोवर भीती नव्हती. भीती वाटली ती पुलावर. चाकोरी संपली आणि पलीकडची दिसेना. बारीक बर्फ पडू लागला होता. मी उभी राहिले. हाक मारली असती तर कुणी ऐकलं नसतं. हेच ते, मला वाटलं, श्रीधर म्हणत होता ते.

मग उजवा हात आपोआप पुढे झाला. मी काठीचं टोक बर्फावर डावीकडून उजवीकडे फिरवलं. टक, टक, सपाट. पुन्हा एक पाऊल, पुन्हा डावीकडून उजवीकडे. आणि टोक खाचेत पडलं. मी तशीच उभी राहून हातातल्या काठीकडे बघत राहिले. ड्रॉवरमधल्या त्या काठीला मी दोन वर्षं हात लावला नव्हता, आणि इथे दोन-दोन काठ्या घेऊन आठवडाभर मिरवत होते.

पुढचं काही मला फारसं आठवत नाही, एवढं आठवतं की त्या पांढऱ्यात एक नारिंगी ठिपका उगवला. दाऊदभाईंचं जाकीट. ठिपका मोठा होत गेला, त्याला डोकं फुटलं, पाय फुटले. मी पंधरा पावलांवर पोचले आणि थांबले.

श्रीधर खांबापाशी उभा होता. टोपीवर बर्फ, खांद्यावर बर्फ, हातात बंद पडलेला फोन. अडीच तास त्याने जागा सोडली नव्हती. आणि तो मला दिसला, टोपीपासून स्कीच्या टोकापर्यंत, एकाच वेळी. जरा वाकलेले खांदे, केव्हा वाकले कोण जाणे. सुटलेलं पोट. नाशिकला कॉलेजच्या फाटकात उभा राहायचा तसाच, एका पायावर भार टाकून. दोन वर्षं हा माणूस माझं कोपर धरून माझ्या बाजूला होता, म्हणजे नेमका तिथे, जिथे मला काही दिसत नाही. मी त्याला पाहिलंच नव्हतं.

"काय झालं? थांबलीस का?" तो ओरडला. "लागलं का कुठे?"

"काही नाही. हलू नकोस. बघू दे."

तो हलला नाही. मग मी त्याच्यापर्यंत गेले. त्याची बोटं इतकी बधिर झाली होती की खिशातून परमिट मीच काढलं. सही म्हणून त्याने नुसती एक वाकडी रेघ ओढली. "तू दिसेनाशी झालीस ना," तो म्हणाला, "तेव्हापासून मी त्याच जागेकडे बघतोय." आणि सवयीने त्याने माझं कोपर धरलं.

मी ते हळूच सोडवून घेतलं.

"तू पुढे चाल, श्रीधर."

"आणि तू?"

"मी येते मागून. चाल ना. अजून. अजून थोडा." तो वळून वळून बघत मोजत गेला, दहा, बारा, पंधरा. "हां, आता एवढ्यावरच राहा. इथून तू सगळा दिसतोस."